हवापाणी पाहून राजधानी वसविणारा राजा : अहमदशहा वली बहामनी

उन्हाळ्याच्या दिवसांत बिदरच्या किल्ल्याच्या तटावर सायंकाळी जो कोणी उभा राहिला असेल, त्याला तेथील वाऱ्याची थोरवी निराळी सांगावयास नको. दिवसभर तापलेला जांभ्या दगडाचा तट अजून पाठीला चटका देत असतो. परंतु पठाराच्या कडेवरून वर येणारी वाऱ्याची झुळूक अंगावरून गेली की दिवसाचा सारा शीण उतरतो. खाली दूरवर शेते पसरलेली असतात आणि त्यांच्याही पलीकडे मांजरेचे खोरे धूसर होत जाते. आम्ही या तटावर अनेकदा उभे राहिलो आहो, आणि दर वेळी एकच विचार आमच्या मनात आला आहे. हे स्थळ ज्याने राजधानीसाठी निवडले, त्याने केवळ शत्रूचा विचार केला नसावा. माणसाच्या श्वासाचाही केला असावा.

तो पुरुष म्हणजे बहामनी घराण्यातील नववा सुलतान अहमदशहा वली. आमच्या सीमाभागातील मुले घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड बोलतात आणि दखनी उर्दूही त्यांच्या कानांवरून रोज जाते. या तिन्ही भाषांच्या लोकांना आपला वाटावा असा हा राजा आहे. तरीही त्याचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांना फारसे ठाऊक नसते. ते येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा हेतू आहे.

बहामनी राज्याची स्थापना इ. स. १३४७ मध्ये झाली. संस्थापक अल्लाउद्दीन हसन याने गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, ही आपली राजधानी केली व तिला अहसनाबाद असे नाव दिले. पुढे इ. स. १३९७ मध्ये अहमदचा वडील भाऊ फिरोजशहा गादीवर आला. तो विद्वान, बहुभाषी आणि विलासी होता. त्याच सुमारास दख्खनवर तो भयंकर दुष्काळ पडला, ज्याला मराठी मुलुखात दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात आणि ज्याची आठवण लोक पिढ्यान्‌पिढ्या काढीत राहिले. फिरोजशहाने गुलबर्ग्याच्या दक्षिणेस भीमा नदीच्या काठी फिरोजाबाद नावाचे नवे नगर वसविले. काळ्या रानातल्या तापलेल्या राजधानीतून उठून वाहत्या पाण्याजवळ जावे, ही ओढ थोरल्या भावालाही होती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

अहमदखान हा या भावाचा विश्वासू सरदार होता. त्याने अनेक मोहिमांत त्याची सेवा केली. परंतु राजघराण्यातील बंधुप्रेमास सिंहासनाची दृष्ट लागावयास उशीर लागत नाही. त्या काळी गुलबर्ग्यात ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज हे सूफी सत्पुरुष वास्तव्य करून होते. त्यांचा लोभ अहमदखानावर होता. उलट फिरोजशहाच्या मनात आपला पुत्र हसनखान याला वारस नेमावयाचे होते. संशय वाढत गेला आणि आपल्या जीवाला धोका आहे असे दिसताच अहमदखानाने राजधानी सोडली. या संकटात बसऱ्याचा एक व्यापारी, खलफ हसन, त्याच्या पाठीशी उभा राहिला. राजाचे सैन्य पाठलागावर आले. पण लढाईत अहमदची सरशी झाली. आजाराने खचलेल्या फिरोजशहाने अखेर स्वतःच धाकट्या भावाच्या हाती राज्य सोपविले आणि थोड्याच दिवसांत त्याचे देहावसान झाले. हे इ. स. १४२२ साल होते. त्याच वर्षी ख्वाजा बंदेनवाज यांनीही देह ठेवला. ज्या खलफ हसनने पडत्या काळी साथ दिली, त्याला अहमदशहाने मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब दिला. पुतण्या हसनखान याचा त्याने जीव घेतला नाही. उलट त्याला फिरोजाबादेत राहावयास जागा आणि उत्पन्न दिले. त्या काळच्या रीतीकडे पाहता ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र अहमदशहाची केवळ स्तुती करून आम्ही विद्यार्थ्यांची फसवणूक करणार नाही. तो युद्धात कठोर होता. विजयनगरवरील स्वारीत त्याच्या सैन्याने निरपराध प्रजेचीही कत्तल केली, असे बखरकार सांगतात. वरंगळचे राज्य त्याने जिंकून आपल्या मुलुखास जोडले. माळव्याच्या होशंगशहाचा पराभव केला; पण त्याच्या जनानखान्यातील स्त्रिया हाती लागल्या तेव्हा त्यांना सन्मानाने परत पाठविले, असेही तेच बखरकार लिहितात. क्रौर्य आणि औदार्य ही दोन्ही एकाच माणसात कशी नांदतात, याचे हे उदाहरण होय.

त्याच्या कारकिर्दीच्या आरंभी पुन्हा अवर्षण पडले. विहिरी आटल्या, गुरे मेली, लोक हवालदिल झाले. तेव्हा राजा स्वतः नगराबाहेर एका टेकडीवर गेला, त्याने उघड्या माळावर मस्तक टेकून ईश्वराची करुणा भाकली, आणि पाऊस आला, अशी आख्यायिका आहे. त्या दिवसापासून लोक त्याला वली, म्हणजे संत, म्हणू लागले. आख्यायिकेचा खरेखोटेपणा आम्ही ठरवीत बसत नाही. एवढे मात्र खरे की पाण्यावाचून प्रजेची काय दशा होते, हे या राजाने तरुणपणी आणि राज्यारोहणानंतर असे दोनदा डोळ्यांनी पाहिले होते. पुढे त्याने जे केले, त्याचे बीज आम्हांस येथे दिसते.

माळव्याच्या स्वारीहून परत येताना अहमदशहाचा मुक्काम बिदरला पडला, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. तेथे शिकारीच्या वेळी एक कोल्हा पाठलाग करणाऱ्या कुत्र्यावरच उलटला आणि ती भूमीची करामत मानून राजाने तेथे राजधानी करण्याचे ठरविले, अशी गोष्ट सांगतात. अशाच गोष्टी इतर अनेक नगरांविषयीही सांगतात, म्हणून तिच्यावर फार भर देण्याचे कारण नाही. खरी कारणे अधिक गंभीर होती. गुलबर्गा हे भाऊबंदकीच्या आठवणींनी भरलेले गाव होते. राज्य तेलंगणाकडे वाढत होते आणि बिदर हे विस्तारलेल्या मुलुखाच्या अधिक मध्यभागी येत होते. पठाराच्या कडेवरचा किल्ला लढवावयास सोपा होता. पण या सर्व राजकीय कारणांबरोबर हवा आणि पाणी हे कारण जुन्या ग्रंथकारांनी आवर्जून नोंदले आहे, आणि फिरिश्त्याने तर बिदरच्या हवेची मनापासून प्रशंसा केली आहे. राजधानी हलविण्याचे नेमके वर्ष कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, कोणी इ. स. १४२४ धरतात, कोणी त्यानंतरची वर्षे. इ. स. १४३२ च्या सुमारास किल्ल्याचे काम पुरे झाले, असे मानतात. नव्या राजधानीला मुहम्मदाबाद हे नाव मिळाले.

आता या जागेत विशेष काय होते, ते पाहू. कलबुर्गीची जमीन काळी आहे आणि गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० फूट उंचीवर आहे. तेथून सुमारे ११० किलोमीटर अंतरावरचे बिदर २००० फुटांहून अधिक उंचीच्या पठारावर वसलेले आहे, आणि हे पठार तांबड्या जांभ्या दगडाचे आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात स्पंजासारखे मुरते. खाली काळ्या कातळाचा व चिकणमातीचा थर लागला की ते पाणी अडते, आडवे वाहू लागते आणि पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. नृसिंह झरणीच्या गुहेत ज्या पाण्यातून चालत जाऊन भाविक देवाचे दर्शन घेतात, पापनाशाच्या महादेवाजवळ जे पाणी आहे आणि ज्या झऱ्याशी गुरू नानकांच्या भेटीची आख्यायिका जोडलेली आहे, ती सर्व याच जांभ्याची देणगी होय. उंचीमुळे वारा, जांभ्यामुळे पाणी आणि पाण्यामुळे झाडी, असे हे तिहेरी भांडवल बिदरला निसर्गानेच दिले होते. अहमदशहाचे श्रेय एवढेच की त्याने ते ओळखले.

ओळखले आणि जपलेही. किल्ल्याच्या बांधकामासाठी लागणारा दगड जागच्या जागी कापून काढला गेला, आणि काही बाजूंस त्याच खोदकामातून कातळात कोरलेला तिहेरी खंदक तयार झाला. तख्त महाल उभा राहिला. इराणातून आलेला शेख आजरी हा कवी त्या महालाचे सौंदर्य पाहून इतका मोहित झाला की त्याने त्यावर कवने रचली. वाड्यांभोवती वाटिका होत्या, हौद होते. पाणी खेळविणाऱ्या खापरी नळांचे अवशेष अजूनही भिंतींतून दिसतात. परंतु आमच्या मते या सर्वांहून थोर अशी कृती जमिनीखाली आहे. नौबादेजवळ सुमारे ३ किलोमीटर लांबीचा एक भुयारी पाण्याचा मार्ग आहे. त्याला कारेज म्हणतात. पंधराव्या शतकात बहामनी राजवटीत, इराणी पद्धतीने, तो खोदला गेला. वरच्या बाजूस झऱ्याचे पाणी गाठावयाचे, तेथून अगदी मंद उताराचे भुयार कापीत न्यावयाचे, आणि मध्ये मध्ये वरून सरळ विहिरी पाडावयाच्या, अशी ती रचना. नौबादेच्या कारेजवर अशा २१ विहिरी मोजल्या आहेत. मोट नाही, रहाट नाही, इंजिन नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी आपोआप वाहत येते. ते जमिनीखालून वाहत असल्याने उन्हाने आटत नाही. विहिरींतून लोक ते काढून घेत. पृथ्वीशी भांडण न करता तिच्या स्वभावाप्रमाणे चालून नगराची तहान भागवावी, याचे याहून उत्तम उदाहरण आमच्या जिल्ह्यांत दुसरे नाही.

नवे नगर वसले, तशी माणसेही दूरदूरून आली. इराणातील किरमान प्रांताचे थोर सूफी शहा निमतुल्ला यांना राजाने मोठ्या आदराने बोलावणे पाठविले. त्यांनी आपल्या नातवास पाठविले, आणि त्यांच्या निधनानंतर पुत्र खलीलुल्ला हेही बिदरला येऊन राहिले. त्यांची समाधी चौखंडी या नावाने आजही प्रसिद्ध आहे. परंतु बाहेरून आलेले आफाकी आणि येथलेच झालेले दखनी असे दोन तट दरबारात पडू लागले. गुजरातच्या सुलतानाशी माहीम बेटावरून लढाई झाली, तीत मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन याचा पराभव झाला. त्याचा दोषही एका तटाने दुसऱ्यावर टाकला. पुढे याच वैराने राज्य पोखरले. मोकळ्या हवेने शरीर सुधारते, पण मनातील द्वेष तिने आपोआप जात नाही, हेही या नगराने शिकविले आहे.

इ. स. १४३६ मध्ये अहमदशहा मरण पावला. बिदरच्या पूर्वेस कोसभर अंतरावर अष्टूर येथे त्याचा घुमट आहे. आत पाऊल टाकले की डोळे प्रथम अंधाराला सरावतात, आणि मग भिंतींवर व घुमटाच्या आतल्या बाजूवर वेल, पाने, फुले आणि अक्षरे सोन्याच्या व तांबड्या, निळ्या रंगांत हळूहळू उमलू लागतात. ज्याने आयुष्यभर लढाया केल्या, त्याच्या डोक्यावर मृत्यूनंतर फुलबागच पसरली आहे, असे आम्हांस वाटते. दरवर्षी येथे उरूस भरतो. मुसलमान त्याला वली म्हणून भजतात, तर हिंदू भाविक त्यालाच अल्लमप्रभू मानून हात जोडतात. कलबुर्गी जिल्ह्यातून जंगम आपल्या अनुयायांसह पायी चालत या उरुसास येतात. जुन्या राजधानीतून नव्या राजधानीकडे राजा ज्या दिशेने गेला, त्याच दिशेने आज भक्त चालतात. त्याचा पुत्र दुसरा अल्लाउद्दीन अहमद याने बिदरला एक रुग्णालय बांधले, त्याच्या खर्चासाठी गावे लावून दिली आणि तेथे हिंदू वैद्य व मुसलमान हकीम दोघेही नेमले, असे फिरिश्ता लिहितो. पित्याने निरोगी जागा शोधली आणि पुत्राने रोग्यांची सोय केली, असा हा क्रम आहे.

येथे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील की हवापाण्याने आरोग्य सुधारते हे जुन्या लोकांचे नुसते मत, की त्याला काही प्रमाण आहे? प्रमाण आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यातील एका रुग्णालयात, इ. स. १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या नोंदी रॉजर अल्रिच या संशोधकाने तपासल्या. २३ रोग्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर त्यांच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या २३ रोग्यांना केवळ विटांची भिंत दिसत होती. झाडे पाहणारे रोगी लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधे कमी लागली. हे निष्कर्ष इ. स. १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर जगभर या विषयाचा अभ्यास वाढला. झाडे आपल्या पानांतून पाण्याची वाफ सोडतात, त्यामुळे भोवतालची हवा थंड राहते. ती सावली देतात, धूळ अडवितात. आमच्या कलबुर्गीत वैशाखातला पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा रस्त्याच्या कडेचे एक कडुनिंबाचे झाड म्हणजे एक लहानसे रुग्णालयच होय. हिरवळ पाहून मनाचा ताण हलका होतो, ही गोष्ट तर परीक्षेच्या आदल्या दिवशी मळ्यात फेरी मारून आलेला कोणताही विद्यार्थी सांगेल.

परंतु आमच्या मनात एक शल्य आहे, ते सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. राजाच्या वाटिका तटाच्या आत होत्या. उंच भिंती, भक्कम दरवाजे आणि पहारेकरी यांच्या पलीकडे सामान्य विणकराचे, कुंभाराचे, हमालाचे मूल त्या कारंजाचे तुषार अंगावर घेऊ शकत होते काय? राजाने चांगली हवा सर्वांसाठी निवडली, पण तिचा उत्तम वाटा स्वतःसाठी ठेवला, असे म्हणणे भाग आहे. हा दोष एकट्या बिदरचा नव्हे. लंडन शहरातही थोर उद्याने दीर्घकाळ राजेरजवाड्यांची होती. पूर्व भागातील दाट वस्तीत कामगार रोगराईने मरत होते. अखेर लोकांनी मागणी केली आणि त्या भागात इ. स. १८४५ मध्ये व्हिक्टोरिया उद्यान सर्वांसाठी खुले झाले. झाड, पाणी आणि वारा ही श्रीमंतांची चैन नसून सर्वांची गरज आहे, ही जाणीव जगाला अशी उशिरा झाली.

आणि काळाने काय निवाडा केला पाहा. तख्त महालाची छपरे कोसळली, नळ फुटले, पहारेकरी गेले. पण नृसिंह झरणीचे पाणी लोकांनी सोडले नाही, नानकांच्या झऱ्यापाशी लोकांनी गर्दी सोडली नाही, अष्टूरच्या मोकळ्या माळावर उरूस भरावयाचा थांबला नाही. जे एकट्याचे होते ते ढासळले. जे सर्वांचे होते ते टिकले, कारण त्याची काळजी घ्यावयास पुष्कळ हात होते. जेथे हे हात सैल पडले, तेथे हानीही झाली. नौबादेचा कारेज विस्मृतीत गेला, त्याच्या काही विहिरी माती आणि कचऱ्याने बुजल्या. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अभ्यासकांनी आणि नागरिकांनी त्याचा पुन्हा माग काढला, गाळ उपसला, आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या भुयारात पाणी पुन्हा दिसू लागले. पृथ्वी विसरली नव्हती. विसरलो होतो ते आपण.

विद्यार्थी मित्रांनो, अहमदशहाला राजधानी उचलून शंभर किलोमीटर दूर नेता आली, कारण तो राजा होता. आम्हां सामान्य माणसांना आमचे गाव उचलून चांगल्या हवेत नेता येत नाही. म्हणून चांगली हवा आमच्याच गावात आणावयाची, एवढाच मार्ग आम्हांस मोकळा आहे. शाळेच्या अंगणातील एका रोपास सुट्टीतही पाणी घालणे, गावच्या विहिरीत कचरा न टाकणे, रस्ता रुंद करताना जुने झाड वाचावे म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांशी आदराने पण ठामपणे बोलणे, ही कामे लहान दिसतात. पण राजाने तटाच्या आत जे राखून ठेवले, ते तटाच्या बाहेर सर्वांच्या दारी नेण्याचे काम यांतूनच होणार आहे.

पुढील सहलीस बिदरला जाल, तेव्हा महाल अवश्य पाहा. पण त्याआधी तटावर क्षणभर उभे राहून तो वारा अंगावर घ्या, आणि परत येताना नौबादेच्या कारेजच्या एखाद्या विहिरीत डोकावून खालचे पाणी पाहून या. या राजाचे खरे स्मारक तेथे आहे.